मंडईच्या नाटकासाठी तरुण आठवा हेन्री: पोरगा कसा दाखवायचा?

धानपट्टी_नाटकमंडळ
मंडळी, रामराम. दिवाळीनंतरच्या मंडईसाठी (जत्रेसाठी) आमच्या गावच्या मंडळाचं तीन अंकी नाटक इंग्लंडच्या आठव्या हेन्रीवर बसतं आहे. सहा बायका आणि उडवलेली मुंडकी लोकांना पाठ आहेत, ते नको. गादीवर बसल्यापासूनची पहिली वर्षं घ्यायची, १५०९ ते १५१३. पोरगा स्वभावानं कसा होता, त्याला नेमकं काय पाहिजे होतं, आणि रंगमंचावर उभे राहतील असे खरे प्रसंग कोणते? राजाच्या पार्टसाठी आडदांड, दाढीवाला गडी ठरला आहे. चालेल का जी?

वैनगंगाकाठ
आधी गडी बदला, भाऊ. २४ जून १५०९ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत राज्याभिषेक झाला तेव्हा अठरा पुरी व्हायला चार दिवस बाकी होते. उंची सहा फुटांच्या वर, खांदे रुंद, कंबर बारीक, केस तांबूस आणि गाल गुळगुळीत. १५१५ साली व्हेनिसच्या एका वकिलानं (राजदूतानं) लिहून ठेवलं की चेहरा एखाद्या देखण्या बाईला शोभावा असा आहे. दाढी त्यानं मागाहून वाढवली, फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस दाढी ठेवतो असं कानावर आल्यावर. ही ईर्ष्या नाटकभर कामी येईल.

राणी कॅथरीनला स्पॅनिश म्हणून काळ्या केसांचा टोप चढवू नका. ती गोरी, तांबूस-सोनेरी केसांची, तेव्हा २३ वर्षांची. थोरला भाऊ आर्थर १५०२ मध्ये वारला, त्याची ही विधवा. लग्न ११ जूनला ग्रिनिचला झालं, राज्याभिषेकाच्या आधी. बापाची शेवटची इच्छा म्हणून लग्न करतो, असं हेन्री सांगायचा. पण फ्रान्सशी भांडण काढायचं तर स्पेन पाठीशी पाहिजे, हा हिशेबही होताच.

स्वभावाची मेख अशी की हा धाकटा. भाऊ गेला तेव्हा दहा वर्षांचा. आर्थरला कारभार शिकायला वेल्सच्या सीमेवर लडलोला पाठवलं होतं. भाऊ गमावल्यावर ह्याला मात्र बापानं नजरेआड होऊ दिलं नाही. म्हणून लॅटिन, फ्रेंच, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणं, गाणी रचणं, घोडा, शिकार, टेनिस, सगळ्यात तरबेज. कागदपत्रांचा मात्र कंटाळा. स्वतःच्या हातानं पत्र लिहायचं म्हटलं की जिवावर यायचं. धर्माचा भाविक: शिकारीच्या दिवशीसुद्धा चर्चची 'मास' ही उपासना चुकवत नसे.

दस्तऐवज_वाचक
पहिल्या अंकाचा पडदा बापाचे वसुलीदार एम्पसन आणि डडली ह्यांच्यावर पाडा. बाकी कशातही हा पोरगा इतका उघडा पडत नाही.

मांडणी अशी. बाप सातवा हेन्री सरदारांकडून मुचलके लिहून घ्यायचा: राजनिष्ठा ढळली किंवा अमुक चूक झाली तर इतके पौंड भरीन. मोठमोठी घराणी सावकाराच्या चोपडीवर अंगठा दिलेल्या कुळासारखी दबून होती. वसुली करायची रिचर्ड एम्पसन आणि एडमंड डडली ह्यांनी. २१ एप्रिल १५०९ ला बाप रिचमंडला वारला, बातमी दोन दिवस दाबून ठेवली. २४ एप्रिलला हे दोघे अटकेत. लंडनात आनंदीआनंद.

आता गोची बघा. वसुली राजाच्या हुकमानं झाली होती, तिच्यासाठी फाशी कशी देणार? म्हणून आरोप ठेवला राजद्रोहाचा: राजा मरणाच्या दारात असताना शस्त्रधारी माणसं जमवून नव्या राजाला ताब्यात घेणार होते म्हणे. आरोप तकलादू होता. वर्षभर लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेत ठेवून १७ ऑगस्ट १५१० ला टॉवर हिलवर दोघांची डोकी उडवली. मुचलके काही रद्द झाले, सगळे नाहीत. खजिना भरलेलाच राहिला. बापाचा पैसा ठेवायचा, बापाची बदनामी नोकरांच्या माथी मारायची आणि वर 'उदार राजा' म्हणवून घ्यायचं! अठराव्या वर्षी हे जमतं त्याला भोळा दाखवू नका. पण कपटीही नको. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं, ही त्याची भूक अगदी खरी होती.

वऱ्हाडी_वाचनालय
दुसरा अंक हलका ठेवा, माल भरपूर आहे. वारस नसलेल्या राजानं भाल्याच्या झुंजीत उतरू नये असं मंत्र्यांचं म्हणणं. जानेवारी १५१० मध्ये रिचमंडला हा वेश बदलून मैदानात उतरला. सोबतचा विल्यम कॉम्प्टन जबर जखमी झाला, आणि लोकांत बोभाटा की पडला तो राजाच! तेव्हा ह्याला शिरस्त्राण काढून तोंड दाखवावं लागलं. त्याच महिन्यात बारा जण रॉबिन हूडच्या टोळीचे हिरवे कपडे घालून सकाळीसकाळी राणीच्या दालनात घुसले, नाचगाणं झालं. तुमच्या नाच-गाण्याची सोय तिथंच होते.

ह्याच अंकात फ्रान्सचा वकील आणा. मंत्र्यांनी, म्हणजे बापाच्या वेळचे वॉरहॅम, फॉक्स वगैरे शांततावाद्यांनी, फ्रान्सच्या राजाला मैत्रीचं पत्र धाडलं होतं. वकील आभार मानायला आला तर हा भर दरबारात उसळला: असं पत्र लिहिलं कोणी? माझ्याशी लढायची ज्याची छाती नाही, त्याच्याकडे मी तह मागू?

त्याला काय पाहिजे होतं ते इथं कळतं. पाचव्या हेन्रीनं १४१५ ला फ्रान्सविरुद्ध ॲजिनकोर्टची लढाई मारली तसं आपणही मारायचं आणि फ्रान्सच्या मुकुटावरचा जुना दावा पुन्हा सांगायचा. पण इंग्लंडची वस्ती फ्रान्सच्या मानानं फार थोडी आणि उत्पन्नही तसंच. हौस मोठी, झोळी लहान.

वैनगंगाकाठ
पूरक. १५१२ चा फजितीचा भाग गाळू नका, नाहीतर तिसरा अंक फुकट जाईल. सासरा, स्पेनचा फर्डिनांड म्हणाला, फौज स्पेनच्या उत्तरेला पाठव, मिळून फ्रान्सच्या दक्षिणेत घुसू. डॉर्सेट ह्या सरदाराच्या हाताखाली फौज गेली. सासऱ्यानं तिच्या आडोशानं शेजारचं नाव्हार राज्य गिळंकृत केलं आणि इंग्रज सैन्य नुसतं पडून राहिलं. सवयीची बिअर नाही, हगवणीची साथ, वर पगाराची कुरबुर. शेवटी हुकूम नसताना सैनिक जहाजांत बसून घरी आले.

धानपट्टी_नाटकमंडळ
बाप्पा, हे तर चार अंकांचं झालं! गडी बदलतो. तिसऱ्या अंकात हेन्रीला फ्लॉडनच्या लढाईत तलवार चालवताना दाखवलं तर? टाळ्या पडतील.

दस्तऐवज_वाचक
नाही जी, तो तिथं नव्हताच. ३० जून १५१३ ला तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर, इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले बंदरात उतरला, तीस हजारांवर फौज घेऊन. कूच केल्यावर पहिल्याच रात्री धो-धो पाऊस. हा कपडे न बदलता पहाटे तीनपर्यंत घोड्यावरून छावणीभर फिरून शिपायांना धीर देत होता. हा प्रवेश घ्या, खरा आहे आणि नेपथ्यही कमी लागतं. 'बारा प्रेषित' नावाच्या तोफा होत्या, त्यातली एक पाण्यात अडकून फ्रेंचांच्या हाती लागली. १६ ऑगस्टला फ्रेंच घोडदळ पळालं, म्हणून त्या लढाईला 'टाचांची लढाई' म्हणतात. टाच म्हणजे घोड्याला मारायची आर. मग तेरूआन आणि सप्टेंबरात तूर्ने ही गावं पडली.

फ्लॉडन ९ सप्टेंबरला इंग्लंडच्या उत्तरेत झाली. लढला म्हातारा अर्ल ऑफ सरे, स्कॉटलंडचा चौथा जेम्स मारला गेला, आणि कारभार कॅथरीनच्या हाती होता. तिनं मेलेल्या राजाचा अंगरखा नवऱ्याकडे फ्रान्सला पाठवला, झेंड्यासाठी म्हणून. नवऱ्याच्या हाती दोन गावं, बायकोच्या खात्यावर एक राजा! संवाद तिथं लिहा. तूर्ने तर १५१८ च्या तहात पैसे घेऊन फ्रान्सला परतही केलं.

वऱ्हाडी_वाचनालय
ह्या स्वारीचा दाणागोटा, गाड्या, तंबू जमवणारा थॉमस वुल्झी विसरू नका. इप्सविचच्या खाटकाचा पोर. राजाला ज्या कागदांचा कंटाळा तेच हा उचलायचा, म्हणून वर चढला. फक्त त्याला कार्डिनलचा लाल झगा चढवू नका, ते पद १५१५ चं आहे. १५१३ मध्ये तो राजाचा दानाध्यक्ष, म्हणजे दानधर्म बघणारा पाद्री, साधा काळा झगा पुरे.