अपरोक्ष, परोक्ष आणि ‘म्हणे’

विचारणा

आमच्या सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त लिहायचं काम या वर्षी माझ्याकडे आलंय. गेल्या सभेच्या इतिवृत्तात मी ‘खजिनदारांच्या अपरोक्ष ठराव मंजूर झाला’ असं लिहिलं. खजिनदार गावी गेले होते, ते नसताना ठराव झाला, एवढंच मला म्हणायचं होतं. एका ज्येष्ठ सभासदांनी त्या वाक्याखाली रेघ मारून शेजारी लिहिलं, ‘म्हणजे ते हजर होते?’ आमच्या घरी ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणजे ‘माझ्या माघारी’, दुसरा अर्थ कधी ऐकलाच नाही. बरोबर काय?

प्रतिसाद

फोड करून पाहिली तर त्या सभासदांचं बरोबर आहे. अक्ष म्हणजे डोळा, किंवा कुठलंही इंद्रिय. प्रत्यक्ष ते डोळ्यांसमोरचं, परोक्ष ते डोळ्यांपलीकडचं. अपरोक्ष म्हणजे जे परोक्ष नाही ते, म्हणजे पुन्हा समोरचंच. वेदान्तात अपरोक्ष ज्ञान म्हणतात ते स्वतःच्या प्रचीतीचं, कोणी सांगितलं म्हणून मानलेलं नव्हे. मराठीत हा शब्द उलटा का फिरला? माझा अंदाज असा, की प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष ही जोडी आपल्या तोंडात बसलेली आहे. त्या चालीवर ‘अ’ दिसला की ‘समोर नसलेलं’ असंच मनात येतं. इतिवृत्तात ‘गैरहजेरीत’ लिहा, प्रश्न मिटेल.

प्रतिसाद

शास्त्राद् रूढिर्बलीयसी. सगळे ज्या अर्थानं बोलतात तो अर्थ चूक कसा म्हणायचा?

प्रतिसाद

बोलण्यात चूक म्हणू नये, मान्य. पण मी संस्कृत शिकवते आणि या शब्दाचा अर्थ पुसट होतो याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण जाणणारा कुठे उभा होता, हे सांगणारा हा शब्द आहे.

पाणिनीचं सूत्र आहे, ‘परोक्षे लिट्’. बोलणाऱ्यानं स्वतः न पाहिलेली भूतकाळातली घटना सांगायची तर क्रियापदाचं रूपच वेगळं, त्याचं नाव लिट्. पाणिनीच्या सूत्रांवरच्या महाभाष्यात पतंजलीनं लगेच विचारलंय, परोक्ष म्हणायचं तरी कशाला? मग मतं दिली आहेत: कोणी म्हणतं शंभर वर्षांपूर्वीचं, कोणी म्हणतं दोन-तीन दिवसांपूर्वीचं, तर कोणाच्या मते मध्ये नुसती चटई आड आली तरी पुरे. तिथेच शाकटायनाची गोष्ट येते. हा मोठा वैयाकरण रस्त्याकडेला बसलेला होता, समोरून गाड्यांचा अख्खा तांडा गेला, आणि त्याला पत्ता लागला नाही. जागा होता, डोळे उघडे होते, मन तिथे नव्हतं. म्हणजे हजर असूनही घटना परोक्ष राहू शकते.

आता सगळ्यात सुंदर भाग. मी केलेली गोष्ट मलाच परोक्ष कशी असेल? त्यावर उदाहरण दिलंय: ‘सुप्तोऽहं किल विललाप’. मी झोपेत विलाप करत होतो म्हणे. त्या ‘किल’ला मराठीत ‘म्हणे’पेक्षा चपखल शब्द मला सापडलेला नाही. आपलं क्रियापद लिट्‌सारखं बदलत नाही, पण काम आपणही करतोच. खिडकीतून पाहत असलो तर ‘पाऊस पडतोय’. सकाळी अंगण ओलं दिसलं तर ‘रात्री पाऊस पडला असावा’. बहिणीचा फोन आला तर ‘तिकडे पाऊस पडला म्हणे’. पाऊस तोच, आपल्याला तो कळण्याची वाट दर वेळी वेगळी.

प्रतिसाद

पण ‘म्हणे’त शंका असते ना? ‘म्हणे मोठा विद्वान!’

प्रतिसाद

तो ‘म्हणे’ वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि सूर चढा असतो. शेवटी हलक्या सुरात येणारा ‘म्हणे’ शंका घेत नाही. मी पाहिलं नाही, ऐकलंय, एवढंच तो सांगतो. वर्तमानपत्रं ‘असल्याचे समजते’ लिहितात ते यासाठीच. आलेला निरोप पुढे धाडताना हा ‘म्हणे’ गळून पडतो आणि ऐकलेलं पाहिलेलं होऊन बसतं, ते मला फार खटकतं.

प्रतिसाद

व्याकरणातला हा बारकावा इतिहासवाल्यांना उपयोगी पडलाय. ‘अरुणद् यवनः साकेतम्’, यवनाने (म्हणजे ग्रीकाने) साकेताला (अयोध्येला) वेढा घातला, हे महाभाष्यातलं उदाहरण. इथे लिट् नाही, लङ् हे भूतकाळाचंच दुसरं रूप आहे. नियम असा, की घटना बोलणाऱ्यानं पाहिलेली नसली तरी ती लोकांत प्रसिद्ध असेल आणि त्याला पाहता आली असती, तर लङ् वापरावा. यावरून अभ्यासकांनी ताडलं, की वेढा पतंजलीच्या हयातीत पडला असावा. रा. गो. भांडारकरांनी 1872 साली ‘इह पुष्यमित्रं याजयामः’ (इथे आम्ही पुष्यमित्राकडून यज्ञ करवतो आहोत; पुष्यमित्र म्हणजे त्या शतकातला शुंग राजा) या वाक्यातला वर्तमानकाळ धरून पतंजलीचा काळ ठरवला, इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक. आक्षेपही आहे: वैयाकरण जुनी उदाहरणं तशीच पुढे चालवतात, मग पाहणारा पतंजली की त्याच्या आधीचा कोणी? आक्षेपात दम आहे. पण पुष्यमित्राचा दाखला मला तरी अजून भक्कम वाटतो.

प्रतिसाद

कोर्टात हे रोजचं आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 60: गोष्ट पाहण्याजोगी असेल तर ‘मी पाहिली’ म्हणणाऱ्याची साक्ष हवी, ऐकण्याजोगी असेल तर ‘मी ऐकली’ म्हणणाऱ्याची. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तत्त्व तेच राहिलं. शेजाऱ्यानं मला काही सांगितलं, तर त्यानं ते सांगितलं याचा मी साक्षीदार. ते घडलं याचा नव्हे. मृत्युपूर्व जबाबासारखे अपवाद आहेत, कारण तिथे पाहणारा पुन्हा येऊन बोलू शकत नाही.

प्रतिसाद

मी डॉक्टर आहे. आमच्याकडे पारडं उलटं फिरतं. ताप मला मोजता येतो, सूज हाताला लागते. दुखणं मात्र फक्त पेशंटला अपरोक्ष, मूळ अर्थानं. मला ते कायम परोक्ष. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात रोगी तपासायच्या तीन रीती सांगितल्या आहेत, दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. रिपोर्ट चांगला आला की ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं मीही सुरुवातीच्या वर्षांत सांगून मोकळा व्हायचो. आता ‘रिपोर्टमध्ये काही दिसत नाही’ असं सांगतो आणि पुन्हा विचारतो, कुठे दुखतंय, कधीपासून.

मूळ विचारणा करणारी

सर्वांचे आभार. ‘खजिनदारांच्या गैरहजेरीत’ अशी दुरुस्ती केली. त्या काकांना जाऊन सांगूनही आले, त्यांना बरं वाटलं. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून इतिवृत्त पुन्हा उघडलं. सभेला मी स्वतः अर्धा तास उशिरा पोचले होते. पाण्याच्या टाकीचा विषय तोवर संपला होता, तो मी सचिवांना विचारून लिहिला होता, आणि लिहिला मात्र समोर बसून ऐकल्यासारखा. त्या परिच्छेदाखाली आता एक ओळ घातली आहे: ‘या विषयाच्या वेळी लेखिका हजर नव्हती. वरील मजकूर सचिवांनी दिलेल्या माहितीवरून.’