टेप बॅकअप फसला की आधी लॉग वाचा, क्लीनिंग कार्ट्रिजला नंतर हात लावा

नोंदवही

एक लिनक्स सर्व्हर, त्याला जोडलेला एकच एलटीओ ड्राइव्ह (बॅकअपच्या चुंबकीय टेपा लिहिणारं-वाचणारं यंत्र) आणि रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणारी टारची स्क्रिप्ट. टार म्हणजे अनेक फाइली एका प्रवाहात बांधणारी आज्ञा. अशा लहान मांडणीत बॅकअप फसला की बहुतेक जण ठरलेल्या वाटेने जातात. ड्राइव्हचं हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) साफ करणारी क्लीनिंग कार्ट्रिज घाला, पुन्हा चालवा. पुन्हा फसला तर कार्ट्रिज, म्हणजे टेपची डबी, बदला. तरीही फसला तर ड्राइव्ह गेला असं जाहीर करा. माझ्या मते ही वाटच उलटी आहे, आणि तिच्यापायी बॅकअप नसलेल्या रात्री वाढत जातात.

आपण का थांबलो हे ड्राइव्ह स्वतः सांगतो. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये चूक कोणत्या जातीची ते सांगणारी 'सेन्स की' नावाची ओळ असते, ती वाचा. 'मीडियम एरर' असेल तर संशय कार्ट्रिजवर किंवा हेडवर. 'हार्डवेअर एरर' म्हणजे ड्राइव्हचं स्वतःचं दुखणं. 'डेटा प्रोटेक्ट' दिसलं तर बहुतेक वेळा कार्ट्रिजच्या कोपऱ्यातली लिहिण्याला मज्जाव करणारी खिटी सरकलेली असते. आणि लिहिता लिहिता मध्येच 'युनिट अटेन्शन' आणि बस रिसेट (सर्व्हर-ड्राइव्ह जोडणी तुटून पुन्हा सुरू होणं) येत असतील तर टेपचा काही संबंध नाही, केबल किंवा कंट्रोलर बघा.

यातली एकही ओळ नसताना बॅकअप अर्ध्यात थांबला असेल, तर दोष ड्राइव्हमध्ये नसण्याचीच शक्यता जास्त. एक उदाहरण देतो. एलटीओ-६ कार्ट्रिजवर ६.२५ टीबी छापलेलं असतं, पण तो आकडा २.५ पट कॉम्प्रेशन धरून आहे. खरी क्षमता २.५ टीबी. आता कोणीतरी सुरक्षेसाठी टारचा प्रवाह आधी एन्क्रिप्ट करून मग टेपवर पाठवायला सुरुवात केली. एन्क्रिप्ट झालेला डेटा ड्राइव्हला दाबता येत नाही. काल मावणारा ३ टीबीचा बॅकअप आज २.५ टीबीला 'जागा शिल्लक नाही' म्हणून मरतो. इथे हेड कितीही वेळा साफ केलं तरी उपयोग शून्य.

दुसरं, 'एसटी०' आणि 'एनएसटी०', म्हणजे लिनक्समध्ये एकाच टेप ड्राइव्हची दोन डिव्हाइस-नावं. पहिलं डिव्हाइस काम संपलं की टेप आपोआप गुंडाळून सुरुवातीला नेतं, दुसरं नेत नाही. स्क्रिप्टमध्ये तीन टार ओळीने एसटी०वर लिहीत असतील तर दुसरं पहिल्यावर लिहितं, तिसरं दुसऱ्यावर. टेपवर उरतो फक्त शेवटचा संच. एकही एरर येत नाही, आणि रिस्टोअरच्या दिवशी लोक म्हणतात की टेप खराब निघाली.

म्हणून माझा क्रम असा: लॉग, मग स्क्रिप्ट, मग केबल, सर्वांत शेवटी साफसफाई. असहमत असाल तर कारणासकट लिहा.

पाना-पक्कड

सपशेल असहमत.

लॉग लक्षण सांगतो, रोग सांगत नाही. मळलेल्या हेडमुळे येणारी मीडियम एरर आणि झिजलेल्या टेपमुळे येणारी मीडियम एरर लॉगमध्ये सारखीच दिसते. तुम्ही ओळी वाचत बसाल आणि शेवटी करायचं तेच कराल, म्हणजे दुसरी कार्ट्रिज घालून बघाल. मग ते आधीच का नको? नव्या कार्ट्रिजवरही तीच एरर आली तर हेड. आली नाही तर जुनी कार्ट्रिज बाद. निकाल लगेच हातात.

लहान सर्व्हर कुठे असतात तेही बघा. स्वतंत्र थंड खोली नाही. टेबलाखाली, प्रिंटरशेजारी, कागदाच्या धुळीत. ड्राइव्ह दिवसभर ती हवा ओढतो. अशा जागी हेड मळणं ही रोजची गोष्ट आहे, एन्क्रिप्शनचा घोळ क्वचितचा. मी जे जास्त वेळा घडतं तिथून सुरुवात करतो.

केबलही तुमच्या यादीत तिसरी आहे, ती वर घ्या. एसएएसचा (ड्राइव्ह जोडायच्या केबलचा) कनेक्टर अर्धवट बसलेला असला तरी ड्राइव्ह दिसतो, एमटी स्टेटस (ड्राइव्हची स्थिती सांगणारी आज्ञा) व्यवस्थित उत्तर देतं, छोटा टार पूर्ण होतो. मोठं लिखाण सुरू झालं की रिसेट. शिवाय काही जण टेप ड्राइव्ह सरळ रेड कंट्रोलरला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला) जोडतात. बऱ्याच रेड कार्डांना टेप ड्राइव्ह चालतच नाही, साधा एचबीए (नुसती जोडणी देणारं कार्ड) लागतो. हे कोणत्या स्क्रिप्टमध्ये सापडणार?

नोंदवही

केबल आणि एचबीएचं मान्य, तो मुद्दा वजनदार आहे. फक्त ते रिसेट तुम्हाला दिसले कुठे? लॉगमध्येच.

'आधी साफ करून तर बघू' याला माझा विरोध दोन कारणांनी आहे. एक, क्लीनिंग कार्ट्रिज हेडवर घासते आणि तिच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. सर्वसाधारण एलटीओ क्लीनिंग कार्ट्रिज जास्तीत जास्त ५० वेळा चालते. संपलेली घातली तर ड्राइव्ह ती परत बाहेर काढतो, सफाई होतच नाही, आणि आपण मात्र हेड साफ झालं असं धरून पुढे जातो.

दुसरं कारण मोठं आहे. ड्राइव्हमध्ये टेपअलर्ट नावाचे इशारे असतात. २० क्रमांकाचा म्हणजे आत्ता साफ करा, २१ म्हणजे नेहमीच्या सफाईची वेळ झाली. एसजी-लॉग्ज या साधनाने ते वाचता येतात, पान ०एक्स२ई. कार्ट्रिज काढली-घातली की यातले काही इशारे आपोआप पुसले जातात. म्हणजे तुम्ही 'लगेच निकाल' म्हणता तो निकाल पुरावा पुसून मिळवलेला असतो. ड्राइव्हने सफाई मागितली होती की नाही हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

मागितली असेल तर जरूर करा. एमटी स्टेटसच्या खालच्या ओळीत 'सीएलएन' दिसलं तरीही करा. न मागता नको.

उलटा_प्रवाह

तुम्ही दोघंही परिणामांवर भांडताय. लहान सर्व्हरवरचं मूळ दुखणं बहुतेक वेळा वेगाचं असतं.

एलटीओ-६ ड्राइव्ह सेकंदाला १६० एमबी खातो, एलटीओ-७ ३०० एमबी. समोर लहान सर्व्हरची जुनी डिस्क आणि तिच्यावर लाखो बारक्या फाइली. टार एकेक फाइल उघडतं, वाचतं, बंद करतं. ड्राइव्ह काही प्रमाणात आपला वेग उतरवून जुळवून घेतो, पण त्यालाही खालची मर्यादा आहे. प्रवाह त्याच्या खाली गेला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग धरते, लिहिते, पुन्हा थांबते. बूट पॉलिश करताना ब्रश मागे-पुढे घासतात तसं. ड्राइव्हजवळ उभं राहिलात तर कानालाच कळतं: सलग घरघर नसते, दर थोड्या वेळाने खाली उतरणारा आणि परत चढणारा आवाज येतो.

रोज रात्री हे चाललं की टेपही झिजते आणि हेडही. काही काळाने मीडियम एरर येते. मग नोंदवही म्हणणार लॉगमध्ये टेपचा दोष आहे, पाना-पक्कड म्हणणार हेड साफ करा. दोघांच्या उपायानंतर काही दिवस बरं चालणार आणि परत तेच.

उपाय सोपा आहे. टार आणि टेप यांच्यामध्ये एमबफर (डेटा मेमरीत साठवून पुढे सोडणारं साधन) बसवा, ४ जीबी मेमरी द्या, आणि बफर ९० टक्के भरल्यावरच लिहायला लाग असं सांगा. त्याहून चांगलं म्हणजे आधी एका वेगळ्या डिस्कवर टारची एकच मोठी फाइल करा आणि मग ती सलग टेपवर ओता. जागा असेल तर मी दुसरंच सुचवेन, कारण बफर रिकामा झाला की थांबणं-सुरू होणं पूर्ण टळत नाही, फक्त कमी होतं.

नोंदवही

सहमत. एमबफर लावणाऱ्यांसाठी एक जोड. टार आणि एमबफर पाइपने जोडले, म्हणजे एकाचा प्रवाह दुसऱ्यात सोडला, की शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या आज्ञेचाच निकाल सांगतो. टार मध्येच मेलं तरी एमबफर मिळाला तेवढा डेटा टेपवर लिहून शून्य (म्हणजे 'यशस्वी') परत करतं आणि स्क्रिप्ट म्हणते बॅकअप झाला. बॅश हा शेल वापरत असाल तर 'पाइपफेल' चालू करा, मग मधली आज्ञा फसली तरी कळतं. शिवाय टारचा निकाल १ आणि २ यांत फरक करा: १ म्हणजे वाचताना एखादी फाइल बदलली, २ म्हणजे गंभीर चूक. चालू डेटाबेसच्या फाइली थेट टारने उचलत असाल तर १ दुर्लक्ष करण्यासारखा अजिबात नाही. आधी डेटाबेसचा डंप (फाइलीत उतरवलेली प्रत) किंवा एलव्हीएमचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्या.

थंड_साठा

एवढा खटाटोप वाचून एकच विचारावंसं वाटतं: लहान सर्व्हरला टेप हवीच कशाला?

एकच ड्राइव्ह असतो. तो मेला की हातात कार्ट्रिजचा गठ्ठा आणि वाचायला यंत्र नाही. नवा ड्राइव्ह आणला तरी तो जुन्या टेपा वाचेल याची हमी नाही. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचे. एलटीओ-८ फक्त एकच पिढी मागे जातो, म्हणजे एलटीओ-६ च्या कार्ट्रिज त्यात चालतच नाहीत. दोन बाह्य डिस्क घ्या, आलटून पालटून जोडा, फाइल सिस्टमच्या चेकसमने (डेटा बदलला का ते दाखवणाऱ्या आकड्याने) पडताळा. डिस्क कोणत्याही मशिनला जोडून वाचता येते. ब्लॉक साइज (टेपवर एका वेळी लिहायच्या तुकड्याचा आकार) नाही, एसटी-एनएसटी नाही, हेडची साफसफाई नाही.

रात्रपाळी

पिढ्यांचा मुद्दा बरोबर आहे आणि टेपवाल्यांनी तो मनावर घ्यायला हवा. पण 'टेप कशाला' याचं उत्तर आहे.

२०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही वापरकर्त्यांची खाती रिकामी झाली. कारण होतं साठवणुकीच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतला दोष. गूगलकडे वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, तरी दोष त्या प्रतींपर्यंत पोचला. मेल परत आली ती टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होती. जोडलेल्या डिस्कवर सर्व्हरचा रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) पोचतो, आणि रूट मिळवलेला रॅन्समवेअरही (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) पोचतो. कपाटातल्या कार्ट्रिजला तो हात लावू शकत नाही. डिस्क काढून ठेवली तर तीही सुरक्षित, हे खरं. पण काढून ठेवायची शिस्त माणसाच्या हातात राहते, आणि 'आज जोडूनच राहू दे' हे फार लवकर सुरू होतं.

थंड_साठा

कार्ट्रिजही ड्राइव्हमध्येच राहू देतात की लोक. त्याच कार्ट्रिजवर रोज लिहीत राहतात. शिस्तीचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, तो टेपच्या बाजूने मोजू नका.

सकाळची_क्रॉन

तुमची सगळी चर्चा फसलेल्या बॅकअपची आहे. मला जास्त भीती 'यशस्वी' बॅकअपची वाटते.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेचा चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. डंप घ्यायची व्यवस्था होती, पण ९.६ आवृत्तीच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर ९.२ आवृत्तीचं पीजी-डंप हे डंपचं साधन चालत होतं, त्यामुळे डंप होतच नव्हता. अपयशाच्या मेलही पोचत नव्हत्या, कारण पलीकडचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. तिथे टेप नव्हती, पण आपल्या क्रॉनच्या मेलचं काय होतं ते आज एकदा बघा.

काही जण म्हणतात की एलटीओमध्ये लिहिल्या लिहिल्या मागचं हेड वाचून तपासतं, मग वेगळी पडताळणी कशाला? ते हेड एवढंच सांगतं की ड्राइव्हला जे मिळालं ते टेपवर उतरलं. मिळालं तेच अर्धवट असेल तर अर्धवट डेटा उत्तम दर्जाने लिहिला जातो.

म्हणून रिस्टोअर करून बघा, तेही दुसऱ्या मशिनवर. तिथे हमखास भेटणारी गोष्ट सांगतो. टेप लिहिताना कोणीतरी वेगासाठी टारला ब्लॉकिंग फॅक्टर ५१२ दिलेला असतो, म्हणजे २५६ केबीचा ब्लॉक. दुसऱ्या मशिनवर कोणी साधं टार चालवतं, ते १० केबीने वाचायला जातं, आणि एरर येते: 'मेमरी देता येत नाही'. मशिनमध्ये रॅम भरपूर, तरी ही एरर. कारण टेपवरचा ब्लॉक मागितलेल्या आकारापेक्षा मोठा आहे. ५१२ दिलं की टेप मुकाट वाचली जाते. ब्लॉकचा आकार कार्ट्रिजच्या लेबलवर पेनाने लिहा, तारखेइतकाच महत्त्वाचा आहे तो.

पाना-पक्कड

रिस्टोअरच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. ड्राइव्ह डीडीएस जातीचा जुना असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून बघणं अत्यावश्यक आहे. त्यात हेड फिरतं, त्याची जुळणी सरकली की ड्राइव्ह स्वतःचं लिखाण वाचतो, इतर कोणी वाचू शकत नाही. एलटीओमध्ये हा धोका कमी, कारण कारखान्यातच टेपवर सर्व्होच्या (वाट दाखवणाऱ्या खुणांच्या) पट्ट्या लिहिलेल्या असतात आणि हेड त्यांच्यावरून वाट धरतं. त्याच कारणाने एलटीओ कार्ट्रिज चुंबकाने पुसू नका. सर्व्हो गेला की ती कायमची बाद. 'कोरी करून पुन्हा वापरू' म्हणून हे करणारे आहेत.

नोंदवही, पुरावा पुसला जातो हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण लहान जागी ड्राइव्हसमोर उभा असलेला माणूस बहुधा हिशेब बघणारा असतो. त्याला सेन्स की वाचता येत नाही, पिवळा दिवा दिसतो. 'आधी लॉग वाचा' हा सल्ला त्याच्या कामाचा नाही.

नोंदवही

मग लॉग त्याने वाचायलाच नको, स्क्रिप्टने पाठवावा. काम संपलं किंवा फसलं की कार्ट्रिज आतच असताना तीन गोष्टी गोळा करायच्या: एमटी स्टेटस, टेपअलर्टचं पान आणि कर्नल लॉगमधल्या टेपच्या शेवटच्या ओळी. तिन्ही एकाच मेलमध्ये जाव्यात, यशाच्या रात्रीसुद्धा. म्हणजे ज्या सकाळी मेल आली नाही तीच तक्रार. दिवा लागलेला असला तरी ती मेल निघेपर्यंत त्याने ड्राइव्हला हात लावायचा नाही, एवढं सांगितलं की पुरतं.

डिव्हाइसचं नावही एनएसटी० असं थेट लिहू नका. रीबूटनंतर क्रमांक बदलू शकतो. 'डेव्ह' खाली 'टेप' आणि त्यात 'बाय-आयडी' आहे, तिथलं एनएसटीवालं नाव घ्या.

पाना-पक्कड

हे चालेल. फक्त इजेक्टची (कार्ट्रिज बाहेर काढायची) आज्ञा बऱ्याच स्क्रिप्टमध्ये टारच्या लगेच खालच्या ओळीत असते. ती या तिन्हींच्या खाली न्या, नाहीतर मेलमध्ये रिकाम्या ड्राइव्हचं स्टेटस येईल.