बायोडेटातलं ‘होमली’ काढून टाकावं का?

शब्दवेडी:
माझ्या भाचीचा बायोडेटा न्यू जर्सीच्या एका स्थळाला गेला. त्यात नेहमीचीच विशेषणं: फेअर, होमली, वेल-कल्चर्ड. मुलगा तिकडेच लहानाचा मोठा झालेला. त्याने फोनवर चाचरत विचारलं, “तू दिसायला बेताची आहेस असं घरच्यांनीच का लिहिलंय?” अमेरिकेत एखाद्या बाईला होमली म्हटलं की ती रूपाने डावी, असाच अर्थ घेतात. पोर दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. माझं तर ठाम मत झालंय, हा शब्द बायोडेटातून कायमचा जावा. आपल्या मनात काय होतं ते समोरच्याला कसं कळणार? त्याच्या कानाला जे लागतं तोच त्याच्यासाठी अर्थ.

निवृत्त_मास्तर:
ताई, भाचीचं ऐकून वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. ब्रिटनमध्ये होमली खोली, होमली जेवण हे कौतुकाचे शब्द आहेत. साधं, घरपण असलेलं. आपण तिथून शब्द घेतला आणि त्यात आपलं ‘गृहकृत्यदक्ष’ ओतलं. यात चूक काय? विशेषणं अशीच सरकत आली आहेत. ‘नाइस’चं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ अजाण. १४व्या शतकात इंग्रजीत नाइस म्हणजे मूर्ख. पुढे चोखंदळ, काटेकोर झालं आणि १८व्या शतकात छान. ‘सिली’ नेमकं उलट गेलं, धन्य होतं ते खुळं झालं. लांब कशाला, आपलं ‘मुग्ध’ घ्या. ते आणि ‘मूढ’ एकाच ‘मुह्’ धातूचे. आज मुलीचं नाव मुग्धा ठेवताना कोणाला मूढ आठवतो का?

नदीकाठ:
मास्तर, मुग्धचा दाखला सुरेख, पण तो तुमच्यावरच उलटतो. मुग्धला तिथवर यायला शतकं लागली आणि सगळे बोलणारे बरोबर सरकले. इथे दोन्ही अर्थ आज जिवंत आहेत आणि एकाच फोनवर समोरासमोर येतात. मी पत्रव्यवहाराचं काम करते. एका वादात लवाद नेमताना आम्ही ‘डिसइंटरेस्टेड’ व्यक्ती सुचवली, म्हणजे ज्याचा त्यात काही हितसंबंध नाही अशी. समोरून रागाचं पत्र आलं, “ज्याला आमच्या प्रकरणात रसच नाही तो काय न्याय देणार?” शब्दकोशात आता दोन्ही अर्थ सापडतात. पण त्या दिवशी माझा शब्द वाया गेला तो गेलाच.

अनुराधा_क:
मला अर्थाचा घोळ दुय्यम वाटतो. दोन वर्षं स्थळं बघत होते. “होमली मुलगी हवी” म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, म्हणजे नक्की कशी? एक म्हणाले, स्वयंपाक यावा. दुसरे म्हणाले, सासू-सासऱ्यांत रमावी. तिसऱ्या घरी चहाचे कप उचलता उचलता बाईंनी सांगितलं, लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल. तिघांचं विशेषण एकच! ‘गृहकृत्यदक्ष’ निदान उघडपणे घरकाम मागतं, ‘होमली’त अट दिसतच नाही. म्हणून तो शब्द जावा, मग अमेरिकेत काहीही अर्थ असो.

निवृत्त_मास्तर:
अनुराधाताई, ती अट लपवणारा माणूस दुसरा शब्द शोधेल. शब्दाला कशाला शिक्षा?

अनुराधा_क:
शोधू दे. तोवर त्याला वाक्यात बोलावं लागेल, आणि मुलीला फोनवरच कळेल.

शब्दवेडी:
काल भाचीने बायोडेटा स्वतः लिहिला. होमलीच्या जागी आता आहे: ‘रविवारचा स्वयंपाक माझा, एरवी आईचा. सुट्टीत घरी राहायला आवडतं. नोकरी सोडणार नाही.’ वहिनी म्हणते फार लांबण लागलं. मला एक अक्षरही काढावंसं वाटत नाही.

निवृत्त_मास्तर:
परदेशी पाठवायच्या बायोडेटाला हे उत्तम, मान्य. पण पेपरातल्या छोट्या जाहिरातीत शब्दाला पैसे पडतात आणि वाचणारा नगर-नाशिकचा असतो. तिथे मी होमलीच लिहीन.