शब्दचर्चा: 'सांकेतिक रूपात वाचणे' की आणखी काही?

प्रश्न: टेराफॉर्मवर (क्लाउडवरची यंत्रणा कोड लिहून उभारण्याचं साधन) मराठीत टिपणं काढतोय. फाइलबेस६४ या फंक्शनसाठी 'फाइलमधला मजकूर सांकेतिक रूपात वाचते' असं लिहिलं, तर वाचणाऱ्यांनी 'म्हणजे फाइल सुरक्षित होते' असा अर्थ घेतला. 'एन्कोड'ला बरा शब्द सुचवाल का?

उत्तर: 'सांकेतिक' म्हटलं की गुप्तता आलीच, तेव्हा तो शब्द काढाच. बेस६४ म्हणजे बाइट ६४ साध्या चिन्हांत लिहिण्याची पद्धत, ती काहीही लपवत नाही. कुणीही ते उलटं फिरवून मूळ फाइल मिळवू शकतो. खासगी की (गुप्त ठेवायची डिजिटल किल्ली) अशी वाचून रिसोर्सला (टेराफॉर्म उभारतं त्या घटकाला) दिली, तर स्टेट फाइल (टेराफॉर्मने उभारलेल्याची नोंद) हाती असलेल्याला ती सहज उलगडता येते. 'कूटबद्ध' हा शब्द एन्क्रिप्शनसाठी राखून ठेवा आणि इथे सरळ 'एन्कोड' लिहा.

पण मला जास्त खटकतो तो 'मजकूर'. टेराफॉर्मची स्ट्रिंग म्हणजे युनिकोड अक्षरांची ओळ. साधं फाइल फंक्शन बाइट यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) धरून वाचतं, आणि ते तसे नसले तर एरर देतं. जीझिप फाइल (दाबून लहान केलेली फाइल) घ्या. तिचे पहिले तीन बाइट ३१, १३९ आणि ८. त्यातला ३१ खपून जातो, पण १३९ ने यूटीएफ-८ मध्ये कुठलंच अक्षर सुरू होत नाही, त्यामुळे वाचन तिथेच अडतं. फाइलबेस६४ अर्थाच्या वाटेला जातच नाही. तीन बाइटांचे २४ बिट घ्यायचे, सहा-सहाचे चार गट पाडायचे, आणि दर गटाला ६४ चिन्हांतलं एक द्यायचं: एच, ४, एस, आय. जीझिप फाइल बेस६४मध्ये नेहमी याच चार चिन्हांनी सुरू होते ती यामुळे. तीनाची चार झाली की आकारही सुमारे एकतृतीयांशाने वाढतो, हे टिपणात जरूर लिहा.

आणखी एक मत: 'मजकूर' गेला तर 'वाचते'ही जावं. 'फाइलचे बाइट जसेच्या तसे घेऊन त्यांची बेस६४ स्ट्रिंग देते' हे नेमकं आहे. बायनरी (चित्र, झिप अशा मजकूर नसलेल्या) फाइलसाठी फाइल फंक्शनभोवती बेस६४एन्कोड गुंडाळणारे पुष्कळ दिसतात. आतलं फाइल आधी चालतं, त्यामुळे एरर तीच. बेस६४डीकोडलाही निकाल यूटीएफ-८ च लागतो. म्हणजे बायनरी पुन्हा उलगडायची ती रिसोर्सने. एस३ (ॲमेझॉनची फाइल साठवणारी सेवा) ऑब्जेक्टला त्यासाठी 'कंटेंट_बेस६४' हे वेगळं आर्ग्युमेंट आहे. हीच स्ट्रिंग चुकून 'कंटेंट'ला दिली, तर एरर न येता बकेटमध्ये (एस३च्या साठवणीच्या कप्प्यात) चित्राच्या जागी चिन्हांची रांग साठते.

प्रश्नकर्ता: पटलं. फाइलबेस६४एसएचए२५६ लाही हेच वाक्य चालेल?

उत्तर: नाही. तिथे फाइल नसते, तिचा हॅश (बाइटांवरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) असतो: फाइल केवढीही असो, ४४ चिन्हं. लॅम्डाच्या (ॲमेझॉनची कोड चालवणारी सेवा) 'सोर्स_कोड_हॅश'ला हेच देतात, झिप बदलली की कळावं म्हणून. त्यातून फाइल परत मिळत नाही, तेव्हा तिथे 'हॅश काढते' असंच लिहा.