मुशीवरची काच आणि फुटक्या मुशी: किलोवर विकाव्यात की चांदी काढावी?

आटणी_हुपरी
नमस्कार. हुपरीत आमची चांदीची आटणी आहे. वडील गेल्या वर्षी वारले, आता भट्टी मी बघतो. मागच्या खोलीत त्यांनी साठवलेली सात पोती निघाली. तीन पोत्यांत सवागीची काच, म्हणजे आटवताना घातलेला टाकणखार वितळून झालेले खडे (साधारण १२० किलो), बाकीत फुटक्या मुशी (चांदी वितळवायची भांडी) आणि भट्टीची झाड, म्हणजे झाडून गोळा केलेली धूळ-राख. एका व्यापाऱ्यानं एकच खडा हातात घेऊन बघितला आणि किलोवर सरसकट भाव सांगून गेला. आई म्हणते, देऊन टाक. यात चांदी किती असेल? घरी निघेल का? तेजाबाचा (नायट्रिक आम्लाचा) कॅन आणून ठेवलाय.

गलाईवाला_खानापूर
बाळा, तो कॅन आधी परत कर. मी खानापूर तालुक्यातला, ३१ वर्षं कोइमतूरला गलाई, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम केलं. माझा धाकटा भाऊ बंद खोलीत तेजाब तापवत होता. तांबूस धूर दोनच मिनिटं नाकात गेला. संध्याकाळी व्यवस्थित जेवला, रात्री अडीचला श्वास लागला. दहा दिवस दवाखान्यात होता.

आणि तुला तेजाबाची गरजच नाही. वितळलेली सवागी मधासारखी दाट असते. चांदीचे थेंब तिच्यातून तळाला उतरायच्या आत मूस ओतली, की ते काचेतच राहतात. म्हणजे चांदी तिथं धातूच्याच रूपात आहे. खडा फोडून उन्हात धर, मोहरीहून बारीक मणी चमकतील.

मुख्य काम नमुन्याचं. एका खड्यावरून कुणालाच काही कळत नाही, त्या व्यापाऱ्यालाही नाही. तिन्ही पोत्यांतून वरचं, मधलं, तळाचं मिळून दहा किलो घे. लोखंडी खलात कुटून चहाच्या गाळणीतून चाळ. काचेचं पीठ होतं, पण चांदी फुटत नाही, चपटी होते आणि गाळणीवर पापड्या राहतात. नवखी माणसं त्या कचरा समजून टाकतात. त्या वेगळ्या तोलून ठेव, सगळ्यात मोठा ऐवज बऱ्याचदा तोच असतो.

खालचं पीठ परातीत पाणी घालून हलव. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, काच जेमतेम अडीच पट, त्यामुळे काच वाहून जाते आणि तळाला करडी रेघ बसते. ती वाळव, लोहचुंबक फिरवून खलाचं लोखंड काढ, पापड्यांबरोबर नव्या मुशीत थोडी सवागी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घालून आटव. सोड्यानं काच पातळ होते. ओतण्याआधी मूस पाच मिनिटं न हलवता तापातच ठेव. रोजच्या आटणीतही एवढं केलंस तर काचेत चांदी कमी अडकेल.

रसायन_शिक्षिका
काकांशी सहमत. फक्त भट्टीची झाड या कामात मिसळू नका. तुमच्याकडे जुनी मोड (मोडीत आलेले दागिने) आटवत असतील, तर तिच्या झाळेत, म्हणजे सांधे जोडायच्या धातूत, कॅडमियम असू शकतं. ते ७६७ अंशांना उकळतं आणि चांदी वितळते ९६२ ला. म्हणजे चांदी वितळण्याआधीच ते धूर होऊन उडतं आणि धुराड्यात, भिंतींवर भुकटी होऊन बसतं. ती भुकटी फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. झाड कोरडी हलवू नका, परवानाधारक रिफायनरीलाच द्या. काच कुटतानाही चांगला मास्क लावा आणि धुतलेलं पाणी गटारात सोडू नका.

आटणी_हुपरी
काका, ताई, कॅन परत केला. काल दहा किलो काच कुटली. गाळणीवर २३ ग्रॅम पापड्या राहिल्या आणि सगळं मिळून आटवल्यावर ३८ ग्रॅमची गोळी आली. या हिशेबानं १२० किलोत साडेचारशे ग्रॅमच्या आसपास बसते. आईनं गोळी बराच वेळ हातात धरली आणि म्हणाली, म्हणूनच ते मला ही खोली झाडू देत नव्हते. फुटक्या मुशींनाही हीच पद्धत चालेल का?

गलाईवाला_खानापूर
चालेल, पण सगळी मूस कुटत बसू नको. चांदी आतल्या अंगाला आणि तड्यांत असते. तेवढाच थर छिन्नीनं काढ. आणि मुशीचा नमुना वेगळा घे, काचेत मिसळू नको.