अमृत कोकमात बेनेडिक्ट चाचणी होकारार्थी का येते?

रातांबा_रत्नागिरी:
नमस्कार. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. सुक्रोज (नेहमीची साखर) ही क्षपणकारी, म्हणजे इतर पदार्थांना इलेक्ट्रॉन देणारी, शर्करा नाही, त्यामुळे बेनेडिक्टच्या (तांब्याचा क्षार असलेल्या निळ्या) द्रावणाबरोबर तापवली तरी निळा रंग बदलत नाही, हे साखरेचे पाणी घेऊन मी पडताळून पाहिले. मात्र गेल्या मे महिन्यात घरी केलेले अमृत कोकम (कोकमाच्या फळांचे, म्हणजे रातांब्यांचे, साखरेतले सरबत) पातळ करून हीच चाचणी केली, तेव्हा नळीच्या तळाशी विटकरी साका बसला. त्यात रातांब्याच्या साली आणि साखर यांखेरीज काहीही घातलेले नव्हते. हा बदल कशामुळे झाला असावा? शिवाय कीटोन गट असूनही फ्रुक्टोज क्षपण कसे करते, हेही मला उमगलेले नाही.

खाडीकाठ_मालवण:
याचे उत्तर सुक्रोजच्या रचनेत आहे. ग्लुकोजचे वलय पाण्यात सतत उघडते आणि मिटते. उघडलेल्या रूपातला अल्डिहाइड गट क्युप्रिक (तांब्याच्या) आयनांचे क्षपण करतो आणि क्युप्रस ऑक्साइडचा विटकरी साका खाली बसतो. सुक्रोजमध्ये मात्र ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन, म्हणजे दोन्हीकडचे अॅनोमेरिक कार्बन (ज्यांच्यापाशी वलय उघडते ते), एकाच ग्लायकोसिडिक बंधात, म्हणजे दोन शर्करांना जोडणाऱ्या बंधात, गुंतलेले असतात, त्यामुळे कोणतेच वलय उघडत नाही. माल्टोज आणि लॅक्टोजमध्ये एक अॅनोमेरिक कार्बन मोकळा राहतो, म्हणून त्या द्विशर्करा असूनही क्षपणकारी आहेत. पाठांतरापेक्षा हा एक कार्बन शोधण्याची सवय लावून घ्या, पुढची निम्मी प्रकरणे त्यानेच सोपी होतात.

आता अमृत कोकमाच्या बरणीविषयी. रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली, की सालीतले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल रसात उतरते. आम्ल आणि ऊब मिळाली, की पाण्याचा एक रेणू खर्ची पडून सुक्रोजमधला तो बंध हळूहळू तुटतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज समप्रमाणात सुटे होतात. सुक्रोजचे विशिष्ट घूर्णन (ध्रुवित प्रकाश वळवण्याचे प्रमाण; उजवीकडे धन, डावीकडे ऋण) +६६.५ अंश असते, तर या मिश्रणाचे सुमारे −२० अंश, कारण फ्रुक्टोज ध्रुवित प्रकाश डावीकडे जितका वळवते तितका ग्लुकोज उजवीकडे वळवत नाही. महाविद्यालयात पोलॅरिमीटर (हे घूर्णन मोजणारे उपकरण) असेल, तर साखरेच्या द्रावणात थोडे आम्ल घालून ते कोमट ठेवा आणि हा बदल अवश्य पाहा. इतके सुंदर प्रात्यक्षिक क्वचितच मिळते.

आगळ_वेंगुर्ले:
फ्रुक्टोजविषयी थोडे. बेनेडिक्टच्या द्रावणात सोडियम कार्बोनेट असते आणि त्या अल्कधर्मी माध्यमात फ्रुक्टोजच्या पहिल्या कार्बनवरचा हायड्रोजन निघून एनडायॉल (दुहेरी बंधाने जोडलेल्या दोन कार्बनांवर प्रत्येकी एक हायड्रॉक्सिल गट असलेले रूप) तयार होते. तेच एनडायॉल ग्लुकोज आणि मॅनोज यांच्याकडेही वळू शकते. तांब्याचे क्षपण घडते ते या रूपामुळे. कीटोन गटाला लागूनच हायड्रॉक्सिल गट असल्याखेरीज हे शक्य नसते, म्हणून अॅसिटोन ही चाचणी देत नाही.

मात्र तुमच्या प्रयोगात तुलनेचा नमुना घ्यायचा राहून गेला आहे. रातांब्याच्या सालीत मुळातच थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, त्यामुळे साखर न घातलेले, फक्त मिठातले आगळ (कोकमाचा खारवलेला रस) तितकेच पातळ करून शेजारच्या नळीत तपासा. दुसरे असे, की आंबट रस थेट ओतला तर कार्बोनेटशी क्रिया होऊन बुडबुडे येतात, माध्यमाचा अल्कधर्मीपणा घटतो आणि साका कमी पडू शकतो. म्हणून आधी सोड्याने रस उदासीन करून घ्या. त्या वेळी कोकमाचा लाल रंगही बदलेल, कारण त्यातील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लतेनुसार रंग बदलते. तेव्हा निष्कर्ष द्रावणाच्या रंगावरून न काढता तळाशी बसलेल्या साक्यावरूनच काढावा.