संपादन शिकायचं कुठं : वर्गात की संपादकाच्या टेबलाशी?

तळटीप :
भाचीला मासिकात लिहायचंय, संपादनही शिकायचंय. "मावशी, पत्रकारितेची पदविका करू का?" मी म्हटलं, आधी एखाद्या दिवाळी अंकाच्या कामाला लाग, जुलै ते ऑक्टोबर. घरात यावरून जोरदार वाद झाला, म्हणून या चर्चामंचावर मांडते.

2003च्या दुष्काळावर मी एका मासिकाला लेख दिला होता. पहिलं वाक्य : "सदर परिसरात पाणीटंचाईची गंभीर समस्या निर्माण झाल्याचे दिसून येते." संपादकांनी ते खोडलं नाही. समासात पेन्सिलीनं लिहिलं, "किती हंडे? कोण भरतं? किती वाजता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा एसटी पकडून गेले. मग वाक्य झालं : "पहाटे साडेतीनला दोघी जावा आळीपाळीनं विहिरीत उतरतात आणि वाटीनं हंडा भरतात." त्या तीन प्रश्नांवर मी आजही लिहिते.

अनुस्वार :
अजिबात पटलं नाही. तुम्हाला संपादक चांगले भेटले. मी एका दिवाळी अंकाकडे चार महिने राबलो. लेखकांना फोन, जाहिरातींचे चेक आणणं, प्रुफांचे गठ्ठे पोचवणं. लेखाला हात लावू दिला नाही आणि मानधनाचं नावही नाही. प्रुफाच्या खुणा, मराठी साहित्य महामंडळाचे 1962चे लेखननियम, छायाचित्राची परवानगी कशी मागायची, हे सगळं मी वर्गात शिकलो. परभणीच्या मुलीनं पुण्यात चार महिने बिनपगारी कशावर राहायचं? टेबलाशी बसणं ज्यांचं घर पुण्या-मुंबईत आहे त्यांनाच परवडतं.

जुनी रद्दी :
काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हा कुठली पदविका होती? 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक कथेवर लेखकाशी चर्चा करत, पुन्हा लिहायला लावत. मराठी कथेची एक पिढी त्यातून घडली.

अनुस्वार :
आणि त्याच 'सत्यकथे'ची 1969 साली लघुनियतकालिकवाल्यांनी, म्हणजे प्रस्थापित मासिकांविरुद्ध स्वतःची छोटी नियतकालिकं काढणाऱ्या तरुण लेखकांनी, होळी केली, तेही सांगा ना. एका टेबलाची अभिरुची हाच दरवाजा झाला की बाहेरच्याचं लिखाण साभार परत येतं. संपादकाचे शेरे झेलता झेलता मुलगी त्याच्यासारखंच लिहायला लागली तर?

सोळा पानं :
मी अंकांची मांडणी करतो. फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट, सोळा पानांचा; त्यात एखादंच पान वाढवता येत नाही. शेवटच्या आठवड्यात पानभर जाहिरात येते आणि कुठल्यातरी लेखातून पानभर मजकूर काढावा लागतो. नवशिके शेवटचे परिच्छेद उडवतात. मुरलेला माणूस सुरुवातीची प्रस्तावना काढतो, कारण लेख बहुतेकदा तिसऱ्या परिच्छेदाला सुरू होतो. हे रात्री अकराला, छापखान्याचा फोन वाजत असताना कळतं.

तळटीप :
@अनुस्वार, पैशांचा मुद्दा बिनशर्त मान्य. फुकट राबवून घेणाऱ्याकडे मी भाचीला पाठवणार नाही, आणि पहिल्यांदा सल्ला दिला तेव्हा हा विचार केला नव्हता, ही माझी चूक. अभिरुचीचं मात्र पटत नाही. समासात "किती हंडे?" विचारणारा स्वतःची शैली लादत नाही, तो मला विहिरीवर पाठवतो. परस्पर लेख बदलून छापणारा संपादक लादतो, तिथे तुमचं खरं आहे.

अनुस्वार :
मग आमच्या वर्गातल्या बाई तेच करायच्या. पंचवीस मुलांचे खर्डे हिरव्या शाईनं भरून परत यायचे, तीन-तीनदा.

तळटीप :
तर अशा वर्गात ती खुशाल जाऊ दे. प्रवेश घेण्याआधी तिनं मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून परत आलेला खर्डा मागून बघावा, समास कोरा आहे की भरलेला. दिवाळी अंकवाल्यांकडेही हेच मागायचं, आणि सोबत मानधनाचा आकडा. आज रात्री तिला फोन करते.